घरातील कार्यशाळा : वीज, वारा आणि बिनतारी

आमच्या लहानपणी गावातील मेस्ताच्या पडवीत करवत, रंधा, पटाशी आणि वाकस एवढी हत्यारे असली की त्याचा कारखाना पुरा होई. त्या हत्यारांना जी शक्ती लागे ती मेस्ताच्या दंडात असे; जो भुसा पडे तो जाडाभरडा असे व अंगणातून वाऱ्याबरोबर निघून जाई; आणि निरोप पोचवावयाचा झाल्यास घरातील पोरगा धावत जाई. आज तीच पडवी निराळी दिसते. विजेवर फिरणारी गोल करवत, हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर, किरणाने फळी कापणारे लेसर यंत्र, प्लॅस्टिकची दोरी वितळवून थरावर थर रचणारा थ्री-डी प्रिंटर ही यंत्रे आता सामान्य कुटुंबाच्याही आवाक्यात आली आहेत. परंतु यंत्र घरात आणून ठेवले म्हणजे कार्यशाळा झाली असे नव्हे. घर हे माणसांना राहण्यासाठी बांधलेले असते. यंत्रे आणण्यापूर्वी त्याची तशी तयारी करून घ्यावी लागते. ती तयारी कोणती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वर्गात इतिहास आणि मराठी शिकवितो. विजेशी आमचा संबंध बटण दाबण्यापुरता होता. परंतु आमचा धाकटा भाऊ फोंड्याजवळच्या आमच्या वडिलार्जित घराच्या मागील पडवीत लाकडी मखरे करतो. चतुर्थी जवळ आली की त्याच्या कामाला रात्र पुरत नाही. त्याने गोल करवत घेतली, मागाहून लेसर यंत्र घेतले, आणि एका वायरमनाकडून पडवीतील दिव्याचीच तार वाढवून दोन जोडण्या करून घेतल्या. काही दिवसांनी आई म्हणू लागली, “तें यंत्र चावता रे!” आम्ही दोघेही हसलो. म्हाताऱ्या माणसांना यंत्राची भीती वाटतेच, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले. पुढे आषाढात एके संध्याकाळी ती ओल्या पायांनी भुसा भरावयास पडवीत गेली आणि आधारासाठी तिने करवतीच्या लोखंडी पाटाला हात लावला. ती भिंतीपाशी फेकली गेली. खांद्याचे हाड मोडले, जीव वाचला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका जाणत्या वायरमनाने जोडणीचे झाकण काढून दाखविले. तीन छिद्रांपैकी वरच्या मोठ्या छिद्रामागे तारच नव्हती!

त्यानंतर आम्ही जे वाचले, विचारले आणि त्या पडवीत प्रत्यक्ष करवून घेतले, ते येथे क्रमाने सांगतो.

१. वीज

प्रथम गणित. आपल्या घरी येणारा विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. यंत्राची शक्ती वॅटमध्ये लिहिलेली असते. शक्तीला दाबाने भागले की स्थूल मानाने प्रवाह मिळतो. करवत १५०० वॅट, भुसा ओढणारा व्हॅक्यूम १२०० वॅट, आणि दिवे व पंखे मिळून ३०० वॅट धरले, तर एकूण ३००० वॅट होतात. म्हणजे प्रवाह सुमारे १३ अँपिअर. आता ज्या तारेतून हा प्रवाह जावयाचा ती तार कशी आहे ते पाहावयाचे.

ज्या नियमाने हे पाहता येते तो नियम मांडणारे गेओर्ग ओहम हे जर्मनीतील कोलोन शहरी शाळामास्तर होते, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. त्यांचा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला. तार जितकी लांब आणि बारीक तितका तिचा विरोध अधिक. पुढे १८४० च्या सुमारास इंग्लंडातील जेम्स जूल यांनी दाखविले की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते.

आमच्या घरी मुख्य फळ्यापासून पडवीचे अंतर २० मीटर. जाणारी व परतणारी मिळून ४० मीटर तार. दिव्यासाठी घातलेली जुनी तार १ चौरस मिलिमीटर छेदाची होती. तांब्याच्या एवढ्या तारेचा विरोध सुमारे ०.७२ ओहम होतो. १३ अँपिअर प्रवाहाने त्या तारेत सुमारे १२२ वॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे भिंतीत गाडलेल्या नळीत एक मोठा जुना बल्ब तापत ठेवल्यासारखे झाले. तीच तार २.५ चौरस मिलिमीटर असती तर ही उष्णता सुमारे ४९ वॅटवर, आणि ४ चौरस मिलिमीटर असती तर सुमारे ३० वॅटवर आली असती. म्हणून दिव्यांना १.५, मोठ्या १६ अँपिअरच्या जोडणीला निदान २.५, आणि अंतर लांब व यंत्र जड असल्यास ४ चौरस मिलिमीटर तांब्याची तार घालण्याची रीत आहे. कार्यशाळेसाठी मुख्य फळ्यापासून स्वतंत्र लाइन आणावी. दिव्यांची लाइन वेगळी ठेवावी. करवत चालू असताना लाइन बंद पडली तर निदान दिवे तरी राहिले पाहिजेत. फिरत्या पात्यासमोर एकाएकी अंधार होणे फार घातक.

तारेपेक्षाही सांधा अधिक दगा देतो. स्क्रू सैल राहिला आणि तेथे केवळ पाव ओहम विरोध उत्पन्न झाला, तरी १३ अँपिअरला त्या एका बिंदूवर ४२ वॅट उष्णता होते. झाळणीची इस्त्री जवळजवळ एवढ्याच उष्णतेवर कथील वितळविते! पिन काळी पडली, प्लॅस्टिकचा वास आला, प्लग हाताला गरम लागला, तर तो सांधा बोलत आहे असे समजावे. एकात एक गुंफलेल्या एक्स्टेन्शन बोर्डांवर जड यंत्र चालवू नये ते याच कारणाने.

लाइनच्या मुळाशी जो आपोआप पडणारा खटका असतो त्याला एमसीबी म्हणतात. तो तारेचा रक्षक होय. विद्युत्मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. ‘बी’ जातीचा एमसीबी तीन ते पाच पट प्रवाहाला लगेच पडतो, ‘सी’ जातीचा पाच ते दहा पटीला. म्हणून मोटारीच्या लाइनवर बहुधा ‘सी’ जातीचा लावतात. खटका वारंवार पडू लागला की पुष्कळ लोक त्याच्या जागी मोठ्या अँपिअरचा खटका बसवितात. राखणदार भुंकतो म्हणून त्याला हाकलून देण्यासारखेच हे आहे. खटका मोठा करावयाचा असेल तर आधी तार जाड झाली पाहिजे.

आता आईची गोष्ट. यंत्राचे लोखंडी अंग जमिनीशी तारेने जोडलेले असणे यास अर्थिंग म्हणतात. आजच्या पुष्कळ यंत्रांत विजेची कुरबुर गाळणारी एक लहानशी चाळणी असते. अर्थिंग नसेल तर या चाळणीतून यंत्राच्या अंगावर सुमारे निम्मा दाब चढतो. प्रवाह अगदी सूक्ष्म असल्याने हाताला केवळ झिणझिण्या येतात. आई ज्याला “चावता” म्हणत होती ते हेच! लेसर यंत्र आणि करवत एकाच जोडपट्टीवर असल्यामुळे अर्थाच्या तारेतून तो दाब करवतीच्याही अंगावर येत असे. ती सूचना होती. आम्ही ती हसण्यावारी नेली. पुढे पावसाळ्यात करवतीच्या आतील एका तारेचे आवरण घासून गेले आणि पुरा २३० व्होल्ट दाब तिच्या लोखंडी पाटावर आला.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. केवळ अर्थिंग असणे पुरेसे नाही. आपल्याकडे चिऱ्याची जमीन. उन्हाळ्यात ती कोरडी पडली की विजेला सहजासहजी वाट देत नाही. समजा, घराच्या अर्थिंगचा विरोध २० ओहम आहे आणि यंत्रात बिघाड झाला. तर प्रवाह होईल २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडणारच नाही, आणि यंत्राचे अंग विजेने भारलेले तसेच राहील. म्हणून अर्थिंगची नळी निदान अडीच मीटर खोल घालावी, भोवती ओलावा राहील अशी सोय करावी, वैशाख-ज्येष्ठात खड्ड्यात पाणी घालावे, आणि विरोध उपकरणाने मोजून घ्यावा. तो पाच ओहमच्या आत असणे चांगले.

आणि त्याच्या जोडीला आरसीसीबी नावाचा दुसरा खटका हवाच. एमसीबी तारेला राखतो, आरसीसीबी माणसाला राखतो. त्याची युक्ती जमाखर्चासारखी आहे. जेवढा प्रवाह गेला तेवढाच परत आला पाहिजे. मध्ये ३० मिलिअँपिअरची जरी तूट आली, तरी ती कोणाच्या तरी देहातून जमिनीत जात असेल असे धरून तो क्षणाच्या अंशात वीज तोडतो. देहातून १ मिलिअँपिअर गेला की झिणझिण्या येतात, १० च्या पुढे गेला की स्नायू आवळून हात सुटत नाही, आणि ३० च्या पुढे श्वास व हृदय यांस धोका सुरू होतो. ओल्या देहाचा विरोध सुमारे १००० ओहम धरला तर २३० मिलिअँपिअर जाऊ शकतात, हे लक्षात घेतले म्हणजे ३० ही मर्यादा का ठरली ते कळते. या खटक्यावर ‘टी’ अक्षराचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून खटका पडतो की नाही ते पाहावे.

भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय विद्युत संहिता १९८५ साली प्रथम निघाली व २०११ आणि २०२३ साली सुधारण्यात आली. हे काम परवानाधारक माणसाकडूनच तिला धरून करून घ्यावे. यंत्रांची बेरीज मंजूर भारापेक्षा अधिक होत असल्यास वीज खात्याकडे अर्ज करून भार वाढवून घ्यावा.

२. वारा

विजेचा धोका एका क्षणात कळतो. हवेचा धोका वीस वर्षांनी कळतो. म्हणून दुसऱ्याची आपण फारशी पर्वा करीत नाही. लाकडाचा जाड भुसा खाली पडतो, तो झाडून काढता येतो. परंतु वेगाने फिरणारे पाते आणि पॉलिश-कागद यांतून जी बारीक धूळ निघते तिचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, तासन्तास तरंगतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला आणि २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला मानवी कर्करोगाची निश्चित कारणे म्हणून नोंदविले. भावाला सकाळी येणारा खोकला ‘गारठ्याचा’ आहे असे आम्ही समजत होतो. काम बंद असलेल्या चार दिवसांत तो थांबला, तेव्हा त्याचे खरे कारण उमगले.

प्रत्येक यंत्राची हवा बिघडविण्याची तऱ्हा निराळी. झाळताना राळेचा धूर निघतो व त्याने दमा उसळतो. थ्री-डी प्रिंटरवर एबीएस प्लॅस्टिक वितळले की स्टायरीनची वाफ आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. लेसरखाली अॅक्रिलिक कापले तर उग्र वास येतो. परंतु सर्वांत वाईट पीव्हीसी. त्यातून हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो. श्वासातील ओलाव्याशी मिळून त्याचे आम्ल होते. माणसाची श्वासनलिका आणि यंत्राचे लोखंड, दोन्ही ते खाते. दप्तरांच्या रेक्झिनवर बहुधा पीव्हीसीचाच लेप असतो. तेव्हा रेक्झिन लेसरखाली कधीही घालू नये.

यावर उपाय दोन. पहिला, घाण जेथे उत्पन्न होते तेथेच पकडणे. यासाठी एक सोपा प्रयोग करा. हातभर अंतरावरून फुंकर घालून मेणबत्ती विझते. तेवढ्याच अंतरावरून हवा ओढून ती विझविता येते का पाहा. येत नाही! फुंकलेली हवा सरळ दूर जाते; ओढलेली हवा मात्र चोहोकडून येते. नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाएवढ्या अंतरावर ओढ जेमतेम एक दशांश उरते. म्हणून धूळ ओढणारी नळी पात्यापासून दोन हातांवर ठेवणे म्हणजे ती न ठेवण्यासारखेच आहे. ती पात्याला भिडलेली पाहिजे.

दुसरा उपाय, खोलीची हवा पालटणे. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल तर तिच्यात ३६ घनमीटर हवा मावते. तासातून दहा वेळा ती पालटावयाची तर पंख्याने ताशी ३६० घनमीटर हवा बाहेर टाकली पाहिजे. पंख्याच्या खोक्यावरील आकडा मोकळ्या हवेतील असतो. पुढे नळी आणि वळणे आली की तो बराच घटतो, म्हणून पंखा मोठा घ्यावा व वळणे कमी ठेवावीत. आणि बाहेर जाणाऱ्या हवेइतकीच आत आली पाहिजे, हे विसरू नये. ३६० घनमीटर हवा सेकंदाला एक मीटर अशा सौम्य वेगाने आत यावयाची तर सुमारे फूटभर लांब व फूटभर रुंद भोक लागते. ते पंख्याच्या समोरच्या बाजूस असावे, म्हणजे वारा खोलीभर फिरून जातो. जुन्या मंगळूरी कौलांच्या घरांत फटींतून वारा खेळत असे. स्लॅबच्या नव्या घरांत ही सोय मुद्दाम करावी लागते.

आपल्याकडे पावसाळ्याचा वारा नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो. पंख्याचे तोंड त्याच बाजूस ठेवले तर धूर आत आणि पाऊसही आत! तोंड शक्यतो पूर्वेस किंवा उत्तरेस, खाली वळलेल्या टोपीचे असावे. मात्र ते शेजाऱ्याच्या खिडकीवर किंवा आपल्याच स्वयंपाकघरावर नसावे. आणखी दोन सूचना. थिनरची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत साचते व ठिणगीने पेटते. म्हणून रंगकाम उघड्यावरच करावे. आणि लोखंड घासण्याचे ग्राइंडर भुशाच्या कोपऱ्यात चालवू नये; बारीक भुसा पेट घेण्यास एक ठिणगी पुरते.

३. बिनतारी

लेसर यंत्र आणि प्रिंटर यांना आराखडा संगणकावरून जातो, बहुधा वाय-फायने. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी विद्युत्चुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली. आपले वाय-फाय त्याच कुळातील आहे. त्याच्या दोन प्रमुख पट्ट्या : २.४ गिगाहर्ट्‌झ, जिची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब. आणि ५ गिगाहर्ट्‌झ, जिची लहर सुमारे सहा. दुसरी वेगवान, परंतु भिंत ओलांडताना लवकर थकते. पहिली सावकाश, परंतु दूर पोचते. आमच्या घराच्या चिऱ्याच्या भिंती दीड हात जाड, आणि पावसाळ्यात त्या पाणी पितात. पाणी अशा लहरी शोषून घेते. भावाचे यंत्र मे महिन्यात नीट चाले आणि जुलैत अर्ध्या कामात थांबे, याचे कोडे अशा रीतीने सुटले.

यावर उपाय साधा आहे. राऊटरपासून पडवीपर्यंत एक नेटवर्कची केबल आणावी (ती १०० मीटरपर्यंत चालते) व पडवीतच दुसरे लहान वाय-फाय केंद्र बसवावे. ही केबल विजेच्या तारेच्या नळीतून कधीही नेऊ नये. दोहोंत वीतभर तरी अंतर ठेवावे. केंद्र उंचावर, यंत्राच्या पत्र्याच्या अंगाआड न येईल असे ठेवावे. स्वस्त यंत्रांतील बिनतारी भाग बहुधा २.४ ची पट्टीच ओळखतो, म्हणून ती चालू ठेवावी. शेजारीपाजारीही तीच पट्टी वापरीत असतील तर १, ६ व ११ या परस्परांवर न येणाऱ्या वाहिन्यांतून मोकळी वाहिनी निवडावी. कारखान्याने दिलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा, आणि यंत्रांसाठी घरच्या जाळ्याहून वेगळे जाळे ठेवावे. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की केबल व प्लग दोन्ही काढून ठेवावे.

एक मर्यादा मात्र पाळलीच पाहिजे. बिनतारी जाळ्याने यंत्र दुसऱ्या खोलीतून सुरू करता येते, म्हणून ते तसे सुरू करू नये. लेसरखाली लाकूड पेटते. पाते आणि बोट यांतील अंतर जाळ्याला कळत नाही. यंत्र चालू असेतो माणूस त्याच्यापाशी हवा, आणि ते तत्काळ थांबविण्याचे लाल बटण हाताशी हवे. निरोप बिनतारी जावो. राखण मात्र डोळ्यांनीच व्हावी.

उपसंहार

या सर्व कामाला यंत्रांच्या किमतीचा एक लहानसा भाग एवढाच खर्च आला. तो आधी केला असता तर आईचा खांदा शाबूत राहिला असता, ही खंत आम्हांस आहे आणि राहील. तिचा उजवा हात आजही पूर्ण वर जात नाही. पहिल्या दिवशी भावाने करवत नव्या जोडणीवर लावली, तेव्हा त्याने स्वतः पाटावर हात ठेवून तिला बोलाविले. तिने दारातूनच पाहिले व विचारले, “आतां चावना मू?” आम्हां दोघांनाही त्या वेळी हसू आले नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांना पुढे अशी कार्यशाळा काढावयाची असेल. कित्येकांच्या घरी ती आजच असेल. विजेच्या जोडण्या स्वतः उघडू नका. ते परवानाधारकाचे काम. परंतु आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना तीन प्रश्न अवश्य विचारा : आपल्या घरी आरसीसीबी आहे काय? त्याचे बटण शेवटचे केव्हा दाबले? यंत्राच्या धुळीला बाहेर जाण्याची वाट आहे काय? आणि घरातील कोणी, मग ते लहान मूल असो की वृद्ध आजी, ‘यंत्र चावते’ असे म्हणाले, तर हसू नका. प्रथम मुख्य खटका बंद करा आणि मग चौकशी करा.